स्केरावाय दफनभूमीतील दगड क्र. ४१ जागचा न हलविण्याबाबत

प्रति,
मा. दफनभूमी अधिकारी,
स्केरावाय बेट परिषद,
धक्का रस्ता, स्केरावाय,
स्कॉटलंड.

अर्जदार : मर्डो मॅकफेल, वय ६६, निवृत्त पोस्टमास्तर, मुक्काम न्यू स्केरावाय, केप ब्रेटन, कॅनडा.

विषय : जुन्या दफनभूमीच्या पश्चिम भिंतीलगतचा दगड क्र. ४१ मोटारतळासाठी न काढण्याबाबत (अर्ज पाचवा).

संदर्भ : १) आपली जाहीर सूचना, दि. ४ नोव्हेंबर १९९०.
२) आपली पत्रे, दि. ९ जानेवारी, १८ फेब्रुवारी, ८ एप्रिल व १७ जून १९९१.
३) माझे यापूर्वीचे चार अर्ज.

महोदय,

वरील विषयास अनुसरून पुन्हा एकदा सादर करतो की, मी चौतीस वर्षे टपालखात्यात काढली आहेत. सरकारी कागद कसा फिरतो, कुठे थांबतो आणि कोणत्या टेबलावर त्याच्यावर चहाचा कप ठेवला जातो, हे मला कुणी शिकवायला नको. त्यामुळे या अर्जात राग दिसल्यास तो आपल्यावर वैयक्तिक नाही, असे समजावे. राग फेब्रुवारीपर्यंत होता. आता फक्त थकवा उरला आहे.

१. आपल्या सूचनेप्रमाणे, स्केरावाय येथील पूर्वज शोध केंद्रात येणाऱ्या पाहुण्यांच्या गाड्या उभ्या करण्यासाठी जुन्या दफनभूमीच्या पश्चिमेकडची पट्टी सपाट करायची आहे. या पट्टीत अक्षर नसलेले त्रेचाळीस दगड आहेत. सूचनेतील शब्द असे : "ज्या दगडाखाली कोण आहे हे ज्ञात नाही आणि ज्याचा कोणी वंशज पुढे आलेला नाही, असे दगड ३० सप्टेंबर १९९१ नंतर काढून भिंतीशी रचण्यात येतील." आमच्यासारखी परमुलखातली माणसे पूर्वज शोधायला तिथे येतात, आणि त्यांच्या गाड्यांना जागा हवी म्हणून पूर्वज बाजूला सारावे लागतात. यावर माझी टीका नाही. केवळ नमूद करतो.

२. दगड क्र. ४१ खाली एफी नावाची तीन वर्षांची मुलगी आहे. नील मॅककुइश, घर क्र. ९, यांची ती थोरली मुलगी. जानेवारी १८४४ मध्ये घशाच्या आजाराने गेली. दगडावर अक्षर नाही, कारण अक्षर कोरून घेण्याची ऐपत त्या बेटावर दोनच घरांची होती आणि नील त्यांतला नव्हता. त्याने किनाऱ्यावरून एक करडा दगड पाठीवर वाहून आणला. त्यात पांढरी शीर आहे. तो निवडायला त्याने अर्धा दिवस घालवला, असे आमच्या घरात सांगतात.

३. पुढच्या वर्षी, म्हणजे १८४५ च्या वसंतात, नीलला दुसरी मुलगी झाली. तिचे नावही एफी ठेवले. साहेब, सगळा घोटाळा इथून सुरू होतो, म्हणून हा परिच्छेद कृपया एकदा तरी सावकाश वाचावा. आमच्याकडे मूल गेले की पुढच्या मुलाला तेच नाव देतात. आजीचे नाव नातीला द्यायचे असते. नात गेली म्हणून आजीचे नाव वाऱ्यावर सोडत नाहीत. ही रीत आम्ही कॅनडात शोधून काढलेली नाही. आपल्याच बेटावरून सोबत आणलेल्या मोजक्या वस्तूंपैकी ती एक आहे. बाकीच्या वस्तू म्हणजे एक कढई, एक बायबल आणि चरख्याचे चाक. त्यातले चाक वाटेत मोडले.

४. ही दुसरी एफी १८४८ साली आईबापांबरोबर जहाजाने इकडे आली. तिने मॅकफेल घराण्यात लग्न केले. तिला सात मुले झाली, त्यातले एक माझे आजोबा. सबब ती माझी पणजी होय. ती १९२१ पर्यंत जगली. माझी आत्या, कु. एफी मॅकफेल, तिच्या मांडीवर वाढली आणि हे सगळे तिने पणजीच्याच तोंडून ऐकले. पहिल्या अर्जात मी एवढेच लिहिले होते. मला वाटले, एवढे पुरेल.

५. आपले ९ जानेवारीचे उत्तर असे होते : "दफनवहीनुसार नील मॅककुइश यांची मुलगी एफी १४ जानेवारी १८४४ रोजी मृत झाली. मृत मुलगी १८४८ मध्ये जहाजात चढू शकत नाही, तसेच तिला अपत्ये होऊ शकत नाहीत. सबब अर्जदाराचा वंशसंबंध सिद्ध होत नाही." हे उत्तर मी टपाल कचेरीच्या पायरीवर उभा राहून वाचले. शेजारी हेक्टर गिलिस होता. तो माझ्या खांद्यावरून वाचत होता आणि गावाला सांगायला त्याला दहा मिनिटे लागली. दुसऱ्या दिवसापासून मी दुकानात गेलो की कुणीतरी विचारतेच : "काय रे मर्डो, तू जन्मलास की नाही, लागला का निकाल?"

६. दुसऱ्या एफीच्या बाप्तिस्म्याची नोंद आपण मागितलीत. ती नाही, आणि का नाही हेही मी दुसऱ्या अर्जात लिहिले होते. १८४३ साली चर्च फुटले. जमीनदाराने नेमलेला पाद्री आमच्या लोकांना नको होता, म्हणून ते बाहेर पडले. नव्या चर्चला जमीनदाराने वीतभर जागा दिली नाही. मग लोक ओहोटीला उघड्या पडणाऱ्या वाळूत उभे राहून प्रार्थना करत, कारण भरतीच्या रेषेखालची जमीन त्याच्या मालकीची नव्हती. दुसऱ्या एफीचा बाप्तिस्मा त्या वाळूत झाला. पाद्री होडीतून आला होता आणि भरती चढायच्या आत उरकायचे म्हणून त्याने प्रवचन आखूड केले. बेटावर ही आठवण अजून सांगत असतील, कारण आखूड प्रवचन तिथे सहसा कुणी ऐकलेले नाही. जुन्या चर्चच्या कारकुनाने फुटलेल्यांच्या मुलांची नोंद घेतली नाही. दफनभूमी मात्र साऱ्या बेटात एकच होती, म्हणून पुरलेल्यांची घेतली. मेलेली वहीत राहिली, जन्मलेली राहिली नाही.

७. नोंदीऐवजी मी जहाजाच्या यादीची प्रत जोडली. तीत स्पष्ट आहे : नील मॅककुइश, पत्नी, मुलगा, आणि एफी, वय तीन. यावर आपले १८ फेब्रुवारीचे पत्र आले. मेली तेव्हा वय तीन आणि जहाजावरही वय तीन, म्हणजे मुलगी एकच. आणि प्रवाशांना माणशी ओटचे पीठ मिळत असल्याने वडिलांनी मृत मुलीच्या नावावर तिचा वाटा उचलला असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असे आपण लिहिलेत.

हे पत्र मी आत्याला वाचून दाखवले नाही. तिने मात्र माझा चेहरा बघून ते मागून घेतले, चष्मा पुसला, दोनदा वाचले आणि म्हणाली, "लिहिणाऱ्याचं वय काय असेल रे?" मी म्हटले, ठाऊक नाही. "लहान असेल. त्याला लिही, धक्क्यावर डोकी मोजून पीठ देत होते. मेलेल्या पोरीचं डोकं माझ्या पणजोबाने कुठून आणलं असतं म्हणावं." मी तसे लिहिले. माझ्याकडून एवढीच भर घालतो की, ज्या माणसाच्या घराचे छप्पर त्याने परत फिरू नये म्हणून जमीनदाराच्या माणसांनी त्याच्या डोळ्यांदेखत पेटवले, त्याच्या वाटीभर पिठाचा हिशेब दीडशे वर्षांनी त्याच्याच बेटावरून विचारला जावा, हे मला लागले. अजून लागते.

८. तिसऱ्या अर्जात मी रीतच सिद्ध करायचे ठरवले. माझी आत्या एफी हीसुद्धा दुसरी एफी. तिच्या आधीची बहीण एफी १८९३ मध्ये जन्मली आणि १८९५ मध्ये गेली. आत्या १८९७ ची. आमच्या चर्चच्या आवारात त्या थोरलीचा दगड आहे आणि त्यावर 'एफी मॅकफेल' असे कोरलेले आहे, कारण तोपर्यंत आमची ऐपत झाली होती. आत्याने अक्षरे ओळखायला लागल्यापासून दर रविवारी आपले नाव त्या दगडावर वाचले. मी लहानपणी तिला विचारले होते, भीती नाही वाटायची? ती म्हणाली, "भीती कसली. ती माझ्यासाठी जागा धरून बसलीय असं वाटायचं. चर्चमध्ये उशीर झाला की बहिणी धरतात ना, तशी." मी त्या दगडाचा फोटो, आत्याचा जन्मदाखला आणि तिने नोटरीसमोर सही केलेले निवेदन असे तिन्ही पाठवले.

९. त्यावर ८ एप्रिलचे पत्र. आपण प्रथम आत्याच्या निधनाबद्दल मनःपूर्वक दुःख व्यक्त केलेत. फोटोनुसार एफी मॅकफेल १८९५ मध्ये मृत असल्याने त्यांचे १९९१ चे निवेदन विचारात घेता येत नाही, आणि त्यावरील सहीबाबत अर्जदाराने खुलासा करावा, असेही कळविलेत.

आत्या इतकी हसली की मला तिच्यासाठी पाणी आणावे लागले. "मी गेले आणि मला कुणी कळवलंसुद्धा नाही," ती म्हणाली. "निदान आलेल्यांसाठी बॅनकची भाकरी तरी भाजली असती." पुढचा आठवडाभर जो कोणी दारात येई त्याला ती सांगे, आत ये, सांत्वनाला आला असशील. पत्र तिने बायबलात ठेवले. सांत्वन चांगल्या भाषेत होते हे तिला मान्य होते. "मेल्यावर असं कुणी लिहिलं तर आपल्याला थोडंच वाचायला मिळतं," असे तिचे म्हणणे.

१०. चौथ्या अर्जासोबत मी आत्या जिवंत असल्याचा दाखला जोडला. त्यावर डॉक्टरांची आणि आमच्या पाद्रीसाहेबांची सही होती. दोघांनीही सही करताना माझ्याकडे असे पाहिले की ते सांगण्यात अर्थ नाही. आपले १७ जूनचे उत्तर : एफी मॅकफेल जिवंत असल्याचे कार्यालयाने नोंदवून घेतले आहे, त्याअर्थी फोटोतील दगड त्यांचा नाही, तो अन्य कुटुंबाचा दिसतो, सबब तो पुरावा ग्राह्य नाही. मी हे उत्तर कुणाला वाचून दाखवले नाही. घडी घालून दिव्याखाली ठेवले आणि बागेत जाऊन बटाट्यांना माती लावली.

११. जुलैमध्ये मी आपल्या कार्यालयात दूरध्वनी केला. बोलणाऱ्या बाईंचे नाव लिहीत नाही. कार्यालयात आपण दोघेच आहात हे मला ठाऊक आहे, तरीही लिहीत नाही. त्या म्हणाल्या, "अहो मॅकफेल, मला नका समजावू. मी स्वतः घरातली दुसरी आहे. पहिली माझ्या नावाची सहा महिन्यांची गेली. पण हा नवा संगणक एका आईबापाला एकाच नावाची दोन मुलं घेतच नाही हो. दुसरी घातली की पहिलीची चुकून पुन्हा झालेली नोंद म्हणून पुसून टाकतो." मी विचारले, साहेबांना हे सांगता येणार नाही का? "साहेब शहरातले. चांगले आहेत, पण शहरातले. त्यांच्याकडे मूल गेलं की नावही त्याच्यासोबतच ठेवून देतात."

साहेब, आपण शहरातले असण्यात आपला दोष नाही. मला त्या बोलण्यानंतर पहिल्यांदा आपल्याबद्दल वाईट वाटले. सहा महिने आपल्याला खरोखरच कळत नव्हते, आणि मी समजत होतो की कळून घ्यायचे नाही.

१२. त्याच बाईंनी एक काम केले, जेवणाच्या सुट्टीत, कचेरीच्या वेळेत नव्हे, हे विशेष नमूद करतो. पणजीच्या आईने सांगून ठेवले होते की दगड पश्चिमेच्या फाटकापासून भिंतीच्या कडेने सात पावलांवर आहे. बाई गेल्या आणि मोजले. मला सांगितले, "माझी नऊ झाली, आणि नवव्या पावलाला नुसतं गवत. मग म्हटलं, मोजली असतील त्या बापाने, पोरीला ठेवून परत येताना. संध्याकाळी नवऱ्याला नेलं, त्याची सात. बरोबर दगडापाशी. पांढरी शीर आहे, हात फिरवला मी." तो दगड म्हणजे आपल्या नकाशातला क्र. ४१.

१३. हे मी आत्याला सांगितले. मग तिने जे मागितले ते तिच्याच शब्दांत देतो, कारण या अर्जाचा खरा विषय तोच आहे : "तू त्यांच्याशी वंशावळीचं भांडू नकोस आता. आपण कोण ते आपल्याला ठाऊक आहे. पण ती छोटी तिथे एकटी राहिली, पोरा. आई बाप जहाजात चढले, आणि तिचं नावसुद्धा बरोबर घेऊन आले. तिच्याकडे काहीच ठेवलं नाही. आजीने ते नाव वापरलं, माझ्या थोरलीने दोन वर्षं वापरलं, मी त्र्याण्णव वर्षं. पुढे आपल्यात मुलगी नाही. माझं झालं की ते तिला परत देऊन टाक. दगडावर लिहून घे. आणि तो दगड भिंतीशी टाकू देऊ नकोस."

१४. सबब या पाचव्या अर्जाद्वारे खालीलप्रमाणे निवेदन करतो.

नील मॅककुइश यांच्या एफी या मुलीचा वंशज असल्याचा माझा दावा मी मागे घेत आहे. आपले ९ जानेवारीचे म्हणणे मला संपूर्ण मान्य आहे. ती मुलगी १४ जानेवारी १८४४ रोजी मृत झाली, जहाजात चढली नाही, तिला अपत्ये झाली नाहीत. आम्ही पहिल्या दिवसापासून हेच म्हणत होतो. आपल्या बाजूने पाहता मी कोणाचाच कोणी नाही, आणि त्याबद्दल माझी आता तक्रार नाही. हेक्टर गिलिसलाही तसे कळवले आहे.

मात्र आपल्या सूचनेत दोन अटी आहेत आणि त्यांच्यामध्ये 'आणि' हा शब्द आहे. वंशज नसणे ही दुसरी अट झाली. पहिली अट अशी की दगडाखाली कोण आहे हे ज्ञात नसावे. ते ज्ञात आहे. पहिल्या दिवसापासून ते आपल्याच कार्यालयाने, आपल्याच दफनवहीच्या आधारे, सही आणि शिक्क्यानिशी मला पटवून दिले आहे. मला खोटे पाडण्यासाठी आपण ती तिथेच आहे हे जितके भक्कम सिद्ध केलेत, तितके मला कधीच जमले नसते. त्याबद्दल मी आभारी आहे. दफनवहीत 'पश्चिम भिंत, फाटकाजवळ' असा शेरा असून त्या जागी एकच दगड आहे, याची खात्री आपण स्वतः जाऊन करू शकता. पावले नवऱ्याची मोजावीत.

तेव्हा नम्र विनंती की, दगड क्र. ४१ सूचनेच्या कक्षेत येत नसल्याने तो आहे तिथे ठेवावा, आणि त्यावर त्या मुलीचे नाव कोरण्यास परवानगी द्यावी. आडनाव नको, साल नको. एका गाडीची जागा कमी होईल. ती गाडी माझी समजावी. मी येणार नाही. माझे गुडघे आता विमानात बसण्यासारखे राहिलेले नाहीत.

१५. शेवटी एक खुलासा राहिला. कु. एफी मॅकफेल, माझी आत्या, २९ ऑगस्ट रोजी सकाळी चहा मागून घेतल्यानंतर आपल्या खुर्चीत गेली. अखेरपर्यंत शुद्धीवर होती. आदल्या दिवशी तिने मला विचारले होते की बेटावरून काही आले का, आणि मी खोटे बोललो. म्हटले, हो, दगड राहू देतो म्हणालेत. ती म्हणाली, "बघ, शहरातला असला तरी माणूस वाईट नाही."

मी चौतीस वर्षे लोकांची पत्रे पोचवली, पण न आलेल्या पत्राचा मजकूर कुणाला सांगितला नव्हता. तो सांगून झाला आहे. त्याला खरे करणे आता फक्त आपल्या हाती आहे.

आपण ८ एप्रिल रोजी तिच्या निधनाबद्दल पाठवलेले सांत्वन मी आज स्वीकारत आहे. नवे पाठवू नये. ते चांगले होते.

आपला थकलेला आणि नम्र,

(सही)
मर्डो मॅकफेल
न्यू स्केरावाय, केप ब्रेटन
दि. ५ सप्टेंबर १९९१

सोबत :
१) आपल्या चारही पत्रांच्या प्रती.
२) एफी मॅकफेल यांच्या मृत्यूचा दाखला (या वेळचा).
३) एका कोऱ्या कागदावर 'एफी' हे नाव, कै. आत्याच्या हातचे. कोरणाऱ्याला नमुना म्हणून द्यावे. अक्षर थोडे हलले आहे, ते तसेच कोरावे.